रिकामी खुर्ची आणि चेरींचं वाडगं

मे १९४३. पॅरिस जर्मन फौजेच्या ताब्यात आहे, पाव शिधापत्रिकेवर मिळतो. सेन नदीपासून जवळच, ग्रांझ-ऑगुस्तँ रस्त्यावरच्या ‘ल कातालाँ’ खानावळीत तुम्हाला कोपऱ्यातली जागा मिळाली आहे. समोर एकसष्ट वर्षांचा, बुटका, रुंद छातीचा माणूस बसलाय. पाब्लो पिकासो. सोबत त्याची प्रेयसी डोरा मार, छायाचित्रकार आणि चित्रकार.

तो मोठ्यानं बोलतोय, पलीकडच्या टेबलावर ऐकू जावं म्हणून. तिथे नट आलँ क्यूनी बसलाय, बरोबर दोन तरुणी. थोड्या वेळानं पिकासो चेरींचं वाडगं उचलून तिकडे जातो. या दिवसांत चेरी मिळणं म्हणजे चैन. मुली काय करतात, तो विचारतो. चित्रं काढतो, असं उत्तर येतं. तो हसतो, असं रूप असलेल्या मुली चित्रकार कशा असतील! एकवीस वर्षांची फ्रान्स्वाज जिलो मागे हटत नाही. दोघींचं प्रदर्शन शहरात चालू आहे.

खानावळीतले सगळे चेरींकडे बघतात. तुम्ही डोराकडे बघा. तिच्याजवळची खुर्ची आता रिकामी आहे.

मुंबईत जन्मलेल्या इस्माइल मर्चंट यांनी निर्मिलेला, जेम्स आयव्हरी यांचा ‘सर्व्हायव्हिंग पिकासो’ (१९९६) हा चित्रपट ही कथा फ्रान्स्वाजच्या बाजूनं सांगतो. अँथनी हॉपकिन्सचा पिकासो लाघवी आहे, म्हणूनच भीतिदायक आहे. पिकासोच्या वारसांनी मूळ चित्रं दाखवू दिली नाहीत, यावरून पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मला मात्र त्यात चित्रपटाचं भलंच झालेलं दिसतं. चित्रं असती तर प्रत्येक क्रूर प्रसंगानंतर आपली नजर भिंतीवर गेली असती, आणि आपण त्याला माफ करून मोकळे झालो असतो.

पटत नसेल तर त्याच ग्रांझ-ऑगुस्तँ रस्त्यावरच्या सात नंबरच्या इमारतीचा जिना चढा, आणि १९४३ पासून सहा वर्षं मागे या. १९३७. पिकासोच्या स्टुडिओभर ‘गेर्निका’ हे चित्र पसरलंय: पावणेआठ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. छताखाली मावेना म्हणून कॅनव्हास कलता टेकवलाय. शिडीवर पिकासो, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढणारी डोरा. आता दारातून मारी-तेरेझ वॉल्टर येते, त्याच्या पावणेदोन वर्षांच्या लेकीची, मायाची आई. पुढची हकीकत पिकासोनंच फ्रान्स्वाजला ऐकवली होती. कोणी राहायचं, कोणी जायचं, असं दोघींनी विचारलं. तुमचं तुम्हीच बघून घ्या, म्हणाला. दोघी एकमेकींना भिडल्या, आणि हा रंगवत राहिला. आयुष्यातली एक मजेदार आठवण म्हणून तो हे सांगायचा.

बघा, नजर कॅनव्हासकडे वळलीच. मेलेलं मूल कवटाळून हंबरडा फोडणारी आई तिथे आहे, आणि ती खरीच थोर आहे. पण खाली जमिनीवर चाललेली झटापटही त्याच दुपारची आहे. मान खाली करा. एवढंच माझं मागणं आहे.

आता १९५३, दक्षिण फ्रान्समधलं वालोरीस. फ्रान्स्वाज पिकासोपासून झालेल्या क्लोद आणि पालोमा या लेकरांना घेऊन त्याला सोडून निघते आहे. आपल्यासारख्या माणसाला कुठली बाई सोडून जात नाही, असं त्यानं तिला बजावलं होतं. ती जाते. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावात त्याच्या सन्मानार्थ झालेल्या बैलझुंजीची सुरुवात तीच घोड्यावरून करते; त्या रिंगणात तिची मान ताठ आहे.

१९६४ मध्ये तिनं आठवणी छापल्या. पुस्तक थांबवायला पिकासो कोर्टात गेला आणि हरला. मग त्यानं क्लोद-पालोमाला दार बंद केलं. तो गेल्यानंतर चार वर्षांनी, १९७७ मध्ये, मारी-तेरेझनं स्वतःला संपवलं. शेवटच्या पत्नीनं, जॅकलिननं, १९८६ मध्ये. फ्रान्स्वाज २०२३ पर्यंत, वयाच्या एकशे एकाव्या वर्षापर्यंत जगली आणि म्हातारपणीही चित्रं काढत राहिली. तिची चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. चित्रपटात तिच्या कुंचल्याला फार थोडी जागा मिळाली, ही माझी त्याच्याबद्दलची एकच तक्रार.