मतदान-शिक्षण, शालेय

माध्यमिक शाळेतील साधारण १४ ते १७ वयाच्या मुलांना मतदार यादी, मतदानाची रीत आणि उमेदवार पारखणे या गोष्टी प्रत्यक्ष करायला लावून शिकवण्याची पद्धत. वर्गातली लुटुपुटीची निवडणूक हे तिचे सर्वांत रूढ रूप; शालेय मंत्रिमंडळ, बालसंसद आणि मतदार यादीवरील प्रकल्प ही इतर रूपे.

घटनेच्या ६१व्या दुरुस्तीने १९८९ साली मतदानाचे वय २१वरून १८वर आले. मतदार घडवण्याचे काम त्यामुळे शाळेच्या दाराशी आले, पण शाळांनी ते बराच काळ पाठ्यपुस्तकावर सोपवले. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रियेवर स्वतंत्र पाठ आहे. मात्र इतिहासासोबतच्या ४० गुणांच्या पत्रिकेत राज्यशास्त्राचा वाटा लहान. आचारसंहितेवर टीप लिहिणाऱ्या मुलाला आपल्या घरातली नावे कोणत्या यादीत आहेत हे माहीत नसते. निवडणूक आयोगाने २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस ठरवला आणि २०१८ मध्ये त्याच दिवशी नववी ते बारावीसाठी मतदार साक्षरता मंडळांची योजना आणली. या मंडळांत व्याख्यानापेक्षा खेळ, चर्चा आणि प्रात्यक्षिक यांवर भर असावा, अशी अपेक्षा आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांकडे यासाठी लागणारे भांडवल आयतेच आहे. शिक्षक स्वतः मतदान केंद्रावर ड्यूटी करून आलेले असतात, काही जण मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून दारोदार फिरलेले असतात, आणि मतदान तर शाळेच्याच खोलीत होते. चांगला प्रयोग हाच अनुभव वापरतो. हजेरीपटावरून यादी तयार होते. दाराशी पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत घेता यावी. दुसरा सही घेतो आणि डाव्या तर्जनीला मार्करने रेघ ओढतो. तिसरा यंत्र मोकळे करतो. यंत्र म्हणजे बहुधा मोबाइलवरचे ॲप. बटण दाबल्यावर लांब ‘बीप’ वाजला की वर्ग हसतो. खरे शिक्षण मात्र अडचणीच्या ठिकाणी होते. शिक्षकाने यादीतून दोन नावे मुद्दाम गाळावीत आणि एकाच्या नावावर आधीच दुसऱ्याला मत टाकू द्यावे. मग ‘सर, माझं मत कुणी टाकलं?’ हा प्रश्न येतो आणि प्रदत्त मत, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकले असताना खऱ्या मतदाराने द्यायचे मत, कायमचे लक्षात राहते. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर प्रतिनिधीला २ रुपये भरावे लागतात, हेही मुले विसरत नाहीत.

एक उदाहरण: सानपाडा. नवी मुंबईतल्या या उपनगरातला मतदार ठाणे लोकसभा आणि बेलापूर विधानसभा मतदारसंघांत मोडतो. एका बाजूला आगरी-कोळ्यांचे मूळ गाव, तर भोवताली सिडकोचे सेक्टर, असा इथल्या वर्गाचा पट असतो. सेक्टरांतली बरीच कुटुंबे तुर्भ्याच्या घाऊक बाजारामुळे सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आली. त्यामुळे ‘आमचं नाव गावाला आहे’ हे वाक्य इथे सर्रास ऐकू येते. मुलांनी घरातल्या प्रत्येकाचे नाव कुठल्या यादीत आहे ते शोधून आणावे, हा प्रकल्प इथे भाषणस्पर्धेपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. नाव एकाच ठिकाणी आणि सर्वसाधारण रहिवास जिथे तिथेच असावे, हा १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा नियम आहे. तो घरोघर कसा वाकतो हे मुलांना स्वतःच्याच घरात दिसते.

दुसरा धडा महानगरपालिकेचा. एप्रिल २०१५ नंतर नवी मुंबई महानगरपालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मे २०२० पासून कारभार प्रशासकाकडे होता. २०१५च्या मतदानावेळी दुसरीत असलेले मूल या वेळी मतदार झाले, आणि मधल्या काळात त्याने नगरसेवकाची एकही निवडणूक पाहिली नाही. शिवाय आधी एका प्रभागाला एक नगरसेवक होता, आता बहुतेक प्रभाग चार जागांचे आहेत. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे, कोणी पसंत नसेल तिथे ‘नोटा’. विधानसभेला सात सेकंद दिसणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे नसते. लोकसभेच्या धर्तीवर एकच बटण दाबायला शिकवणारा वर्ग नवी मुंबईच्या मुलाला अर्धेच शिकवतो.

मर्यादा. निवडणुकीच्या हंगामात पालकांच्या सहीसाठी मुलांच्या हाती मतदानाची संकल्पपत्रे दिली जातात. त्याने मतदानाचा टक्का वाढत असेल, पण यात मूल निरोप्या होते, विद्यार्थी होत नाही. शालेय मंत्रिमंडळाचेही तसेच. निवडून आलेल्या ‘स्वच्छतामंत्र्या’ला फळा पुसण्यापलीकडे अधिकार नसेल, तर मत दिल्याने काहीच बदलत नाही हेच मुले शिकतात. सहलीचे ठिकाण किंवा ग्रंथालयाची वेळ यांसारखा एखादा खरा निर्णय मतावर सोडणे हा त्यावरचा उपाय. जर्मनीत १९९९ पासून आणि कॅनडात २००३ पासून शाळकरी मुले खऱ्या निवडणुकीच्या सुमारास खऱ्याच पक्षांना आणि उमेदवारांना प्रतीकात्मक मत देतात. निकाल खरे मतदान संपल्यावर जाहीर होतो. आपल्याकडे शिक्षकच निवडणुकीच्या कामावर असल्याने पक्ष वर्गाबाहेर ठेवले जातात. ही सावधगिरी योग्यच. मात्र तिच्यापोटी उमेदवाराचे शपथपत्र वाचून दाखवायलाही शाळा कचरतात. गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण सांगणारा हा कागद आयोगच सर्वांसाठी खुला करतो, तेव्हा तो वर्गात वाचायला हरकत नसावी.

पुढचा टप्पा. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक, म्हणजे मतदार होण्यासाठी वय मोजण्याचे दिवस, आहेत. १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गातच हे काम उरकू शकते. महाविद्यालयात मात्र साखळी तुटते. विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका हिंसाचारामुळे १९९४च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. २०१६च्या कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीचे कारण देऊन पुढे ढकलण्यात आल्या.