पवित्रा : माती, रिंग आणि पिंजरा

१९४८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचा २२ वर्षांचा मल्ल लढतीला उभा राहिला, तेव्हा त्याच्या पायांखाली माती नव्हती. खाशाबा दादासाहेब जाधव यांची सारी तालीम तांबड्या मातीत झालेली. मॅटवरच्या, म्हणजे पैलवानांच्या भाषेत गादीवरच्या, आंतरराष्ट्रीय कुस्तीचा त्यांना अनुभव नव्हता. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. त्यांच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या पायांना तिथे काय नव्याने शिकावे लागले असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

तालमीतली माती म्हणजे नुसती जमीन नव्हे. हळद, ताक, तेल घालून ती मुरवलेली आणि खोऱ्याने उकरून भुसभुशीत केलेली असते. पाय तिच्यात रुततो. रुतलेल्या पायाला आधार मिळतो, पण तो उचलायला क्षणभर अधिक लागतो. शिवाय मातीतल्या कुस्तीचा खरा निकाल चीतपटीने; खडाखडीतच बराच वेळ गेला तरी जुन्या मैदानात कोणाची तक्रार नसे. गादी घट्ट आणि सपाट. तिथे पाय रुतत नाही, त्यामुळे प्रतिस्पर्धी डोळ्यांचे पाते लवण्याआधी आत शिरून पट काढतो. घड्याळ चालू असते, पंच गुण मोजत असतात. अशा ठिकाणी गुडघे अधिक वाकवून, कंबर खाली ठेवून, पाय सतत हलते ठेवावे लागतात.

चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशी याला मिळाले, आणि इशी मुळात ज्युदो शिकलेला होता. एकाच विजयमंचावर मातीचा मल्ल आणि ज्युदोचा खेळाडू! खाशाबांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून, कमरेवर घेऊन त्याला आपटायचे. हा डाव लक्षात ठेवावा. मुष्टियुद्धाच्या इतिहासात तो पुन्हा भेटणार आहे.

मराठीत ‘पवित्रा’ हा शब्द आज वर्तमानपत्रांत राजकीय पक्षांसाठी राखून ठेवल्यासारखा दिसतो. दांडपट्टा, लाठी आणि कुस्तीत मात्र पवित्रा म्हणजे अंगाची आणि विशेषतः पायांची ठेवण. कोणता पाय पुढे, भार कशावर, दोन पायांत अंतर किती. ही ठेवण ठरते ती समोरचा काय करू शकतो यावरून, आणि त्याने काय करायचे ते ठरवतात नियम.

इंग्लंडमधले जुने मुष्टियुद्ध याचे उत्तम उदाहरण आहे. १७४३ मध्ये जॅक ब्राउटनने नियम घातले, त्यांत कमरेखाली धरण्यास मनाई होती. कमरेवर धरून आपटण्यास नव्हती. त्यामुळे उघड्या मुठींनी लढणारे ते मुष्टियोद्धे एकमेकांना चक्क कमरेवरून फेकत. त्यांचा सर्वांत गाजलेला डाव आपल्या ढाकेचा सख्खा भाऊच होता. म्हणूनच जुन्या चित्रांतले योद्धे ताठ, अंग मागे टाकून, हात लांब धरून उभे दिसतात. आज ते ध्यान विनोदी वाटते, पण कवेत सापडण्याचा धोका असताना ते शहाणपणाचे होते.

१८६७ मध्ये क्वीन्सबरी यांच्या नावाने नवे नियम प्रसिद्ध झाले. हातमोजे आले, तीन मिनिटांच्या फेऱ्या आल्या, २४ फुटांचे रिंग आले. सर्वांत दूरगामी ठरला तो दुसरा नियम : कुस्ती नाही, मिठी नाही. या एका ओळीने मुष्टियोद्ध्याचे पाय मोकळे झाले. कोणी पाय ओढणार नाही, लाथ मारणार नाही, कमरेवर घेणार नाही, हे ठरल्यावर पाय निव्वळ अंतर आणि कोन यांसाठी वापरता येऊ लागले. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जेम्स कॉर्बेटने बलाढ्य जॉन सलिव्हनला २१ व्या फेरीत पाडले, ते बव्हंशी चपळ पायांच्या जोरावर.

बॉक्सिंगमधला कोन फार लहान असतो. पुढच्या पायाच्या चवड्यावर गिरकी घ्यायची, मागचा पाय अर्धे पाऊल सरकवायचा. तेवढ्याने समोरच्याचा ठोसा रेषेबाहेर जातो आणि आपला रेषेत येतो. त्यासाठी अंग तिरपे, पुढच्या पायावर पुरेसा भार. नियमांच्या संरक्षणात हा पवित्रा निर्दोष आहे.

संरक्षण काढून घेतले तर काय होते, हे २६ जून १९७६ रोजी तोक्योच्या बुडोकानमध्ये जगाने पाहिले. मुहम्मद अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी. नियमांची ओढाताण अशी, की इनोकी जवळजवळ पूर्ण १५ फेऱ्या जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत राहिला. सामना बरोबरीत सुटला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तमाशा म्हणून तो बदनाम झाला. ही बदनामी अर्धवट अन्यायाची आहे. जगातले सर्वांत कौतुकाचे पाय त्या लढतीत सुजले आणि अलीला नंतर रुग्णालयात जावे लागले. अलीला मोजकेच ठोसे मारता आले. खाली पडलेल्या माणसासाठी बॉक्सिंगच्या पायांकडे उत्तरच नव्हते.

१९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली. तिथे आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून अष्टकोनी पिंजऱ्यात उतरला. रॉयस ग्रेसीने त्याला खाली पाडले, छातीवर बसला आणि जिमरसनने शरणागती पत्करली.

पुढच्या तीस वर्षांत मिश्र मार्शल आर्ट्सने, म्हणजे एमएमएने, स्वतःचा पवित्रा घडवला. पाय बॉक्सिंगपेक्षा रुंद, कंबर अधिक समोर, कारण पट कधीही येऊ शकतो. पुढच्या पायावर भार कमी, कारण पोटरीवर लाथ बसली तर तो चटकन उचलता आला पाहिजे. खाली वाकून ठोसा चुकवण्याची बॉक्सिंगची सवय येथे घातक. वाकलेल्या डोक्याला गुडघा भेटतो. लाथेमुळे लढतीचे अंतर वाढले, म्हणून कोनही मोठे झाले : गिरकीऐवजी पूर्ण पाऊल बाजूला. अष्टकोनाने आणखी एक गंमत केली. चौकोनी रिंगचा कोपरा ९० अंशांचा, त्यात प्रतिस्पर्ध्याला कोंडता येते. अष्टकोनाचा १३५ अंशांचा, त्यातून तो जाळीला पाठ घासत निसटतो. जाळीला टेकूनच मग कुस्ती सुरू होते.

महाराष्ट्रात हे तिन्ही पवित्रे आज एकाच काळात नांदत आहेत. २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीगचा पिंजरा उभा राहिला. २०२१ मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमधील किएल्त्से येथे युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत सुवर्ण जिंकले. आणि महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग अजून कायम आहेत. दोन्हींचे विजेते मानाच्या गदेसाठी समोरासमोर येतात, तेव्हा एकाचे पाय रुतायला शिकलेले असतात आणि दुसऱ्याचे सरकायला.