बंपरची कुळकथा

जीपच्या पुढे हाताने लोखंड जोडायची हौस आजची नाही. 1944 साली युरोपात जर्मन सैनिक रस्त्यावर मानेच्या उंचीवर तार ताणून ठेवत. पुढची काच आडवी करून धावणाऱ्या जीपमधल्यांच्या गळ्याशीच गाठ! मग अमेरिकन सैनिकांनी बंपरवर लोखंडी अँगल उभा वेल्ड केला, वर तार तोडायला आकडा.

आमच्या धाकट्याने थारसाठी घरीच पाइपचा बंपर केलाय, आत वाळू ठासून वाकवलेला (नाहीतर पाइप वळणावर चपटा होतो). काम झकास. पण तो अँगल तारेसाठी होता, याच्यापुढे माणसं चालतात. पादचाऱ्याला मार जास्त, एअरबॅगलाही अडथळा, म्हणून डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. धाकट्या, वाचतोयस ना? पुण्यात शिरायच्या आधी काढ. चार तर बोल्ट आहेत!