दक्षिणेपासून विद्यावेतनापर्यंत

गरजू पदवीधराने पुढचे शिक्षण घेत असतानाच काही नेमून दिलेले काम करावे आणि त्या काळात सरकारने त्याचा निर्वाह चालवावा, या व्यवस्थेसाठी मराठीत विद्यावेतन असा शब्द रूढ आहे, आणि तो शिष्यवृत्तीचा निव्वळ पर्याय नाही. वृत्ती म्हणजे निर्वाहाचे साधन. जुन्या कोकणात जोशीपणाची किंवा उपाध्येपणाची वृत्ती घराण्यात वंशपरंपरेने चालत असे. शिष्यवृत्ती ही शिकणाऱ्याच्या पोटाची सोय, आणि तिच्या बदल्यात शिकण्याखेरीज काही मागितले जातेच असे नाही. वेतन मात्र कामाचे असते. या दोन कल्पनांची गाठ महाराष्ट्रात पडली ती एका तिसऱ्याच, पुष्कळ जुन्या शब्दाच्या आश्रयाने, आणि तो शब्द म्हणजे दक्षिणा.

दक्षिणा मुळात दान नव्हे. यज्ञातील कर्म पार पाडणाऱ्या ऋत्विजाला, म्हणजे यजमानासाठी यज्ञ चालवणाऱ्या पुरोहिताला, काम पुरे झाल्यावर जे द्यायचे ते दक्षिणा. दानात घेणाऱ्याने बदल्यात काही करावे अशी अपेक्षा नसते, दक्षिणेत ते आधीच केलेले असते. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावास श्रावण महिन्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात पाडला आणि 1731 साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव दाभाडे पडल्यानंतर पहिल्या बाजीरावाने तो पुण्यात पुढे चालवला. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात होणाऱ्या या वाटपात वेदशास्त्रांत उतरलेल्या विद्वानाला मोठी रक्कम मिळत असली, तरी उरलेल्या समुदायाला सरसकट थोडे थोडे मिळत असल्याने नाव दक्षिणेचे राहिले आणि व्यवहार दानाचा झाला.

1818 साली पेशवाई संपल्यानंतर कंपनी सरकारने ही रक्कम एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही भाग 1821 साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला, आणि 1849 साली गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथकारांना बक्षिसे देण्यासाठी खर्चावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यातील जुन्या मंडळींत मोठा क्षोभ उसळला. अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले यांनी सुमारे 200 माणसे उभी केल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1851 साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि दक्षिणा पुन्हा केलेल्या कामाच्या बदल्यात मिळू लागली. फक्त ते काम आता ग्रंथ लिहिण्याचे होते.

यापुढची पायरी या कथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्या सुमारास दक्षिणा निधीतून दक्षिणा फेलो ही नेमणूक अस्तित्वात आली. फेलो म्हणजे महाविद्यालयात राहून स्वतः पुढच्या परीक्षेचा अभ्यास करणारा आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवणारा विद्यार्थी. महादेव गोविंद रानडे यांना मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात कनिष्ठ दक्षिणा फेलो म्हणून महिना 60 रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलो म्हणून 120 रुपये मिळत. गुरुदक्षिणेत शिष्य गुरूला देतो. येथे सरकार शिष्यालाच दक्षिणा देत होते, कारण तो अर्धा गुरूही होता.

या व्यवस्थेचा कोकणातील रत्नागिरीशी संबंध रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यामुळे जुळतो. त्यांचा जन्म 1837 साली मालवणात झाला, आणि मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा 1981 साली झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांची बदली रत्नागिरीस झाल्यामुळे मुलाला तेथील सरकारी इंग्रजी शाळेत शिकता आले. ही बदली झाली नसती, तर भारतीय विद्येच्या इतिहासातील एक मोठे नाव कदाचित मालवणच्या बंदरातच राहिले असते. 1859 साली ते दक्षिणा फेलो झाले, शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सल्ल्याने संस्कृताकडे वळले, आणि 1862 साली रानडे, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्यासह मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरले. 1865 साली ते रत्नागिरीच्या त्याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून परतले, आणि संस्कृत शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी त्यांनी रचलेली दोन पाठ्यपुस्तके याच कालखंडातील आहेत.

तथापि या व्यवस्थेतील फेलो गरजू असला तरी वंचित असेच असे नाही, कारण तेथवर पोचण्याची शिडी फार थोड्या जातींच्या दारात होती. फुले यांनी 1855 साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले, आणि 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारचा शिक्षणखर्च रयतेच्या करातून चालतो व त्याचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हा मुद्दा मांडला. शिष्यवृत्ती ही वृत्तीच असल्याने ती घराण्यातच फिरते, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल.

ही शिडी सर्व जातींच्या दारी नेण्याचा प्रयत्न भाऊराव पाटील यांनी केला. ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकले आणि शाहू महाराजांच्या सहवासात वावरले. 1919 साली भाऊरावांनी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली ती साताऱ्यास नेली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, दळत, स्वयंपाक करत आणि शेतात खपत. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाल्यावर हीच पद्धत महाविद्यालयात आली आणि ‘कमवा आणि शिका’ या नावाने ओळखली गेली. येथे मोबदला अध्यापनाचा नव्हे, अंगमेहनतीचा होता, आणि म्हणून शिकवण्याइतके आधी शिकलेले असण्याची अट आपोआप गळून पडली. पुढे 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी ही योजना आणली. रत्नागिरी जिल्हाही तेव्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत होता.

शिष्यवृत्तीचा मोबदला विद्यार्थ्याने शिकत असताना नव्हे तर शिकून झाल्यावर कामाच्या रूपाने द्यायचा, असाही एक प्रकार होता. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या भीमराव आंबेडकरांना 1913 साली बडोदे सरकारने अमेरिकेतील शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि त्याबदली दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार घेतला. 1917 साली ते बडोद्यास रुजू झाले, परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळेना आणि अखेर नोकरी सोडावी लागली. करारात पगार, मुदत आणि पद यांचा विचार झाला होता. घराचा झाला नव्हता. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती केंद्र सरकारने 1944 साली सुरू केली, तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते, आणि तिच्यात अशा नोकरीची अट नव्हती.

शिकत असतानाच काम करण्याची व्यवस्था भारताबाहेरही आढळते. अमेरिकेत 1964 च्या कायद्याने गरीब विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम देऊन शिकवण्याची सरकारी योजना आली, आणि पुढे तिच्याच धर्तीवर नगर व वस्ती नियोजनात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या वंचित विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अनुदान निघाले, ज्यात विद्यार्थी शिकता शिकता नगरपालिकेत किंवा वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थेत रुजू होत असे. भारतात गेट परीक्षा उत्तीर्ण होऊन नगररचनेसारख्या विषयात एम.टेक. करणाऱ्याला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून महिना 12,400 रुपये मिळतात, आणि त्याबदली आठवड्याला 8 ते 10 तास संस्थेने सोपवलेले अध्यापन-संशोधनाचे काम करावे लागते. रानडे 60 रुपयांत करत ते हेच काम. ते नगरपालिकेच्या कचेरीपर्यंत किंवा वस्तीपर्यंत जात नाही, महाविद्यालयाच्या आवारातच राहते.