आधी संग्रह, मग इतिहास

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. संस्थापकांतले विनायक लक्ष्मण भावे तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते.

सार्वजनिक ग्रंथालय ही तोवर नवलाई राहिली नव्हती. रत्नागिरीत ते १८२८ पासून होते, पुण्यात १८४८ पासून. पुण्याच्या संस्थेचे मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. ठाणेकरांचे वेगळेपण एवढेच, की फक्त मराठी ग्रंथ जमवायचे. आज हे साधे वाटेल. पण तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात मराठीला जागा नव्हती. १८६७च्या कायद्यामुळे छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारजमा होत; सामान्य वाचकाला त्यांचा काय उपयोग?

मला महत्त्वाचा वाटतो तो नावातला ‘संग्रहालय’ हा शब्द. वाचनालयातले पुस्तक हाताळून झिजते, मागणी संपली की बाद होते. संग्रहालयाला मात्र ज्याला वाचक उरला नाही तेही जपावे लागते. (आपली अनेक ग्रंथालये रद्दी काढताना हा भेद विसरतात.)

भाव्यांची ओळख ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून करून देतात आणि ग्रंथसंग्रहालयाचा उल्लेख शेवटी, ‘इतर कार्यां’त. कालक्रम उलटा आहे. संग्रहालय आधीचे, मराठी वाङ्मयाचा तो इतिहास नंतरचा.

पुढे १८९८ साली मुंबईत अशीच संस्था निघाली. तिनेही नाव घेतले ते ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ हेच.