साबण नव्हे, पकड

जिवाणू मारणाऱ्या पेप्टाइडांविषयी एक समज घट्ट रुजला आहे. ही औषधं म्हणे साबणासारखी: पेशीपटलावर पडली की ते विरघळवून टाकतात. आणि पटल बदलणं जिवाणूला झेपत नाही, म्हणून त्याला सुटका नाही. पूर्वपक्ष ऐकायला भारदस्त आहे खरा, पण त्याचं उत्तर विरजणाच्या भांड्यात आहे.

विरजणात सापडणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे काही वाण निसिन नावाचं पेप्टाइड बनवतात. ३४ अमिनो आम्लं, त्यांत वळलेली पाच कडी. समोर कोण आहे याच्याशी साबणाला देणंघेणं नसतं, निसिनला असतं. ते शोधतं लिपिड टू. जिवाणू भिंत बांधतो तेव्हा विटा पटलापलीकडे पोचवणारा हा हमाल. निसिनची पहिली दोन कडी त्याच्या पायरोफॉस्फेटला कवेत घेतात, मगच शेपूट पटलात घुसतं. आठ निसिन आणि चार लिपिड टू मिळून एक भोक. आम्हा कोल्हापूरकरांना हे नवं नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात नुसत्या वजनावर कुस्ती निघत नाही, पट हाती लागावा लागतो. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाने लिपिड टू आधीच झाकला, तर निसिनची भोकं पडेनाशी होतात. साबण असा अडला असता? मात्रा भरमसाट वाढवली तर निसिन लिपिड टूशिवायही पटल गळकं करतं, हे कबूल. पण अतिरेकातलं वागणं म्हणजे स्वभाव नव्हे.

राहिला ‘सुटका नाही’चा दावा. तो कोलिस्टिन या दुसऱ्या पेप्टाइडाच्या बाबतीत मोडला. हे औषध ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातल्या लिपिड एच्या ऋणभाराला चिकटतं आणि तिथले मॅग्नेशियम, कॅल्शियम हुसकावतं. २०१५ साली चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. त्याच्यामुळे लिपिड एवर फॉस्फोइथॅनोलअमाइनचा तुकडा चढतो, ऋणभार घटतो, पकड निसटते. पटल जवळपास तेच, फक्त पैलवान अंगाला तेल चोपडून उतरलेला! शिवाय जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे हातोहात जाणारं.

जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध तोवर कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जात होतं.