टिळकांचा दुसरा जन्म

भातकुलीसारख्या वऱ्हाडी गांवांत ‘पुनर्जन्म’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाराच्या मनापुढें मरणानंतरचें दुसरें शरीर उभें राहतें. तेथें आदिनाथाचें जैन तीर्थ आहे. त्याच जिल्ह्यांत रिद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र. जन्ममरणाचा फेरा चुकावा, हीच या भूमीची जुनी आस. मग फेरा चुकविण्याऐवजीं आणखी एक जन्म घ्या, असें सांगणारा धर्म येथें विपरीत वाटावा यांत नवल तें काय? योहानाच्या शुभवर्तमानांतील निकदेम तर शास्त्री होता. म्हाताऱ्यानें पुन्हां आईच्या उदरांत कसें शिरावें, हा प्रश्न त्यालाही पडलाच.

या प्रश्नाचें मराठी उत्तर आम्हांस ग्रंथांपेक्षां नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) चरित्रांत अधिक स्पष्ट दिसतें. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानें त्यांस ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन धरून ठेविलें आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते म्हणत. म्हणजे नव्या जन्मानें त्यांची जुनी भाषा मेली नाहीं. अभंगाला मात्र नवें दैवत मिळालें.

देवाची दया फुकट मिळते, असें ख्रिस्ती शास्त्र सांगतें. ती पत्करतांना घरच्यांस काय मोजावें लागतें, हें मात्र उपदेशक सहसा सांगत नाहींत. तें लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रां’त सांगितलें. पति धर्मांतर करून गेला, बाई माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढें पतीकडे परतल्या तरी सोंवळें सुटेना. त्यांच्या मनांतून आधीं जातिभेद गेला, ख्रिस्तावरील श्रद्धा मागाहून आली. बाप्तिस्मा झाला तो १९०० सालीं. पतीमागें निमूट जाणारी स्त्री हें चित्र येथें लागू पडत नाहीं. त्यांचा नवा जन्म त्यांनीं स्वतःच्याच वाटेनें, आणि बहुधा टिळकांहून जड पावलांनीं, गांठला. आमच्या मतें त्याचें मोल अधिक.

टिळकांसही बाप्तिस्मा हा शेवट वाटला नाहीं. दयेला उत्तर द्यावयाचें तें रोज, अशी त्यांची वृत्ति. म्हणून १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा ठेविली. मिशनच्या चौकटींत हें बसण्याजोगें नव्हतेंच.

‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें ओवीबद्ध काव्य त्यांच्या हातून आरंभींच्या थोड्या अध्यायांपलीकडे गेलें नाहीं. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले, ज्यांचें शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेंच. ग्रंथ १९३८ सालीं छापून निघाला, तेव्हां त्यांना जाऊनही दोन वर्षें झालीं होतीं.